थांबलेली रांग, स्कूटर आणि मधली फट

महोदय,

सिग्नलला थांबलेल्या मोटारींच्या फटींतून दुचाकीस्वार बेगुमानपणे पुढे घुसतात, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांतून वरचेवर येत असते. तिला दुचाकीस्वारांचे उत्तरही ठरलेले असते, की पुढच्या गाडीचा धूर खात आम्ही उन्हात उभे का राहायचे? मी स्वतः गेली बावीस वर्षे कोथरूडहून शिवाजीनगरला स्कूटरवरून कामाला जातो आणि रविवारी कुटुंबाला घेऊन बाहेर पडायचे झाले तर मोटार चालवतो. त्यामुळे या वादातले दोन्ही बाजूंचे शाप मला लागू होतात. तरीही एक गोष्ट मांडावीशी वाटते: फटीतून पुढे जाणे थांबणार नाही, हे मान्य करून त्याला स्पष्ट नियम घालून द्यावा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या अलीकडे वाहने खिळून उभी होती. मेट्रोच्या खांबांकडची रांग आणि मधली रांग यांच्यामधून मी पुढे सरकत होतो. वेग पंचवीस-तीसच्या आसपास असावा. डावीकडच्या गल्लीतून आलेल्या एका रिक्षाला पुढे यू-टर्न घ्यायचा असल्याने उजवीकडच्या रांगेत शिरायचे होते. मधल्या रांगेतल्या टेम्पोवाल्याने भलेपणाने पुढे जागा सोडली आणि हात दाखवून तिला 'या' म्हटले. टेम्पोच्या आडून मला आधी दिसले ते रिक्षाचे पुढचे चाक, आणि ते दिसले तेव्हा माझ्या हातात काहीच उरले नव्हते. डावा आरसा गेला, गुडघा सोलवटला, रिक्षाच्या पुढच्या पत्र्याला पोचा आला. रिक्षावाला म्हणाला, "काका, अख्खी रांग उभी होती, तुम्हीच कसे पळत होता?" मी म्हणालो, "तू न बघता कसा आलास?" तेवढ्यात सिग्नल सुटला आणि ज्याच्या सौजन्याने हे सारे घडले तो टेम्पो निघूनही गेला. चौकातला वाहतूक हवालदार येऊन एवढेच विचारता झाला, की तुम्ही कोणत्या लेनमध्ये होता? मी कोणत्याच लेनमध्ये नव्हतो. खरे तर रिक्षाही नव्हती.

त्या प्रश्नाने मला नियम वाचायला बसवले. १९८९ सालच्या रस्ता-नियमांची जागा घेणारे वाहनचालनाचे विनियम केंद्र सरकारने २०१७ मध्ये आणले. लेन आखलेल्या रस्त्यावर लेनमध्येच राहावे, लेन बदलताना इशारा द्यावा आणि पुढच्या वाहनाला एरवी उजवीकडून ओलांडावे, ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली सूत्रे आहेत. हे विनियम मोडणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७अ खाली ५०० ते १००० रुपये दंड आहे, आणि बेकायदा रीतीने दुसऱ्या वाहनाला ओलांडणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाचे एक उदाहरण म्हणून नावानिशी आले आहे. परंतु उभ्या रांगेतून सावकाश पुढे सरकायला अमुक मर्यादेत मुभा आहे, असे सांगणारा नियम त्यात नाही. परिणाम असा, की अक्षरशः वाचले तर रोज सकाळी नळ स्टॉपवरचे सगळे स्कूटरवाले गुन्हेगार ठरतात आणि व्यवहारात कोणीच ठरत नाही. चलन फाटायचे की नाही हे त्या दिवशीच्या मर्जीवर राहते.

माझ्यासारख्याच्या अपघातावर इंग्लंडच्या न्यायालयाने १९६६ मध्येच निकाल दिलेला आहे. पॉवेल विरुद्ध मूडी या खटल्यात मोटारसायकलस्वार थांबलेल्या रांगेच्या बाजूने पुढे जात होता आणि दुधाच्या टँकरच्या चालकाने खूण केल्यावर एक मोटार आडव्या रस्त्याने त्या फटीतून हळूहळू बाहेर येत होती. न्यायालयाने ८० टक्के दोष मोटारसायकलस्वाराचा धरला. टेम्पोच्या जागी टँकर घातला की प्रसंग तोच! पुढे २००६ मध्ये डेव्हिस विरुद्ध श्रोगिन या खटल्यात तिथल्याच न्यायालयाने रांगेशेजारून जाणाऱ्या स्वाराचा काहीच दोष नाही असे ठरवले, कारण त्याच्या अगदी पुढ्यात एका मोटारीने अचानक यू-टर्न घेतला होता. म्हणजे फटीतून जाणे हाच मुळात गुन्हा, असे तिथे कोणी मानत नाही. कसे गेलात, ते पाहिले जाते. तिथल्या 'हायवे कोड' या वाहतूक-नियमांच्या पुस्तिकेतही अशा वेळी वेग कमी ठेवा, गाड्यांमधून येणाऱ्या पादचाऱ्यांकडे लक्ष द्या, असे सांगितलेले आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने याहून स्पष्ट भूमिका घेतली. १ जुलै २०१४ पासून तिथे पूर्ण परवाना असलेल्या स्वाराला थांबलेल्या किंवा रेंगाळणाऱ्या वाहनांमधून ताशी ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने पुढे जाता येते. मात्र रस्त्याच्या कडेच्या बाजूने जाता येत नाही आणि शाळेच्या वेळेत शाळेच्या परिसरातही नाही. अमेरिकेतील युटा राज्याने २०१९ मध्ये मुभा दिली, ती फक्त पूर्ण थांबलेल्या वाहनांपुरती आणि ताशी १५ मैलांपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे २४ किलोमीटर.

वेगाचा हा आग्रह का, ते साध्या गणिताने कळते. ताशी ३० च्या वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटर जाते. रिक्षाचे चाक दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा एक सेकंद सहज जातो, म्हणजे दोन मोटारींची लांबी नुसती विचारात संपते. वेग १५ असता तर चार मीटर गेले असते आणि कदाचित माझा आरसाही वाचला असता. रुंदीचेही तसेच. एक लेन साडेतीन मीटरची धरली आणि पावणेदोन मीटर रुंदीच्या दोन मोटारी शेजारशेजारच्या लेनमध्ये मधोमध उभ्या राहिल्या, तर आरसे वजा जाता त्यांच्यात जेमतेम १.४ मीटर जागा उरते. स्कूटरचे हँडल सुमारे ७० सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड वीत. आपल्याकडे दोन लेनमध्ये मोटारींच्या तीन रांगा लावायची पद्धत असल्याने ही दीड वीतही बहुतेक ठिकाणी उरत नाही, आणि मग दुचाक्या फुटपाथवर चढतात. मोटारवाल्यांनी दुचाक्यांच्या बेशिस्तीबद्दल लिहिताना स्वतःची तिसरी रांग विसरू नये, ही विनंती.

डावीकडून जाण्याबाबत मात्र मी दुचाकीस्वारांची बाजू अजिबात घेणार नाही. बस थांब्यावर उभी असते, फुटपाथ आणि बस यांच्यात हातभर जागा असते, आणि तेवढ्यातून स्कूटर काढणारे महाभाग मी रोज पाहतो. बसचा दरवाजा डावीकडेच असतो. उतरणारी बाई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल धरून, पायरीकडे बघत उतरते. मागून स्कूटर येते आहे का, हे तिने बघावे अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. तिथे वेगमर्यादेची भाषा नको, सरसकट बंदी हवी आणि दंडही जबर हवा.

उरतो प्रश्न फट संपल्यावर उभे कुठे राहायचे याचा. आज पुढे आलेल्या साऱ्या दुचाक्या झेब्रा पट्ट्यांवर ठाण मांडतात आणि पादचाऱ्याला सायलेन्सरला पाय लागू न देता नागमोडी रस्ता काढावा लागतो. तैवानमध्ये आणि बार्सिलोनात मोटारींची थांबरेषा मागे घेऊन तिच्या आणि झेब्रा पट्ट्यांच्या मध्ये दुचाक्यांसाठी चौकट आखलेली असते. दुचाक्या पुढे जमतात, सिग्नल सुटताच आधी निघून जातात आणि मोटारींच्या कुशीत लटकत राहत नाहीत. त्यासाठी लागतो तो रंग, आणि पहिले काही आठवडे तिथे उभा राहणारा हवालदार. हवालदाराशिवाय त्या चौकटीत पहिल्याच दिवशी मोटारी उभ्या राहतील, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

म्हणून माझी मागणी इतकीच आहे. उभ्या रांगांच्या मधून ताशी १५ किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा आणि डावीकडून जाण्याची बंदी, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारने विनियमांत लिहाव्यात आणि शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत त्यांवर प्रश्न घालावेत. रांगेत उभे असताना दार उघडण्यापूर्वी किंवा शेजारच्या रांगेत शिरण्यापूर्वी आरसा पाहण्याचे बंधन मोटारचालकावर तितक्याच स्पष्ट शब्दांत यावे. आणि ते होईपर्यंत महापालिकेने व वाहतूक शाखेने नळ स्टॉपच्या कोथरूडकडच्या बाजूला तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर दुचाक्यांची चौकट आखून पाहावी. सकाळी नऊ ते साडेदहा या वेळेत ती कशी चालते, हे तिथे उभे राहून मोजायला मी रजा टाकून यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक दुचाकीस्वार वाचक,
कोथरूड, पुणे