चुन्याचं उत्तर

झुरिक, रविवार

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "माती एवढी बिघडलीय तर चुना टाका की! आमच्या तांबड्या जमिनीला आम्ही तेच करतो." तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

इथे गावोगावी नेमबाजीची मैदानं आहेत. तीनशे मीटरवर निशाणं आणि त्यांच्यामागे मातीचा बांध. वर्षानुवर्षं गोळ्या त्या बांधात रुतत आल्यात. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून गोळीत शेकडा 2 ते 5 अँटिमनी मिसळतात. (सुरम्याचं जुनं खनिज स्टिब्नाइट, ते ह्याच धातूचं.) माती चाळताना एक गोळी सापडली. तिच्यावर पांढरट पापुद्रा होता, हातमोज्याच्या बोटाने चोळला तर पिठासारखा सुटला. तो शिशाचा गंज. शिसं बरंचसं असं जागीच राहतं. अँटिमनी मात्र हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पंचसंयुजी (पाच इलेक्ट्रॉन गमावलेलं) होतं, ऋणभार घेऊन पाण्यात उतरतं आणि चालू लागतं.

त्याला धरून ठेवतात ती मातीतली लोहाची ऑक्साइडं. माती आम्ल असेल तर त्यांच्यावर धनभार असतो आणि अँटिमनी चिकटून राहतं. चुना टाकलास की सामू (pH) वाढतो, म्हणजे आम्लता घटते, धनभार ओसरतो, पकड सुटते. शिशाचं नेमकं उलटं, ते चुन्याने आणखी घट्ट बसतं. म्हणजे ज्या औषधाने शिसं आवरतं, त्यानेच अँटिमनी मोकाट सुटतं. म्हणून आम्ही चुन्याला हात लावायला कचरतो.

मग पाणी तुंबलं तर काय, हे बघायला मी नळ्यांत माती भरून ती बुडवून ठेवली. आधी पाण्यातलं अँटिमनी घटलं. ऑक्सिजन संपला की ते त्रिसंयुजी (तीनच इलेक्ट्रॉन गमावलेलं) होतं, त्याचा भार जातो आणि लोहाला अधिकच बिलगतं. मी खूश झालो. पण पुढच्या आठवड्यांत जिवाणूंनी लोहच विरघळवायला घेतलं आणि अँटिमनी परत वर आलं, तेही त्रिसंयुजी, म्हणजे जास्त विषारी रूपात.

त्या नळ्यांतल्या पाण्याची एक बाटली मी न गाळता रात्रभर टेबलावर ठेवली. संध्याकाळी पाणी नितळ होतं, सकाळी तळाशी गंजाचा तांबूस गाळ. लोहाबरोबर अँटिमनीचंही रूप पालटलं होतं आणि बरंचसं त्या गाळाला चिकटलं होतं. तो नमुना वाया गेला, फार वाईट वाटलं. तेव्हापासून नमुना घेतो तिथेच गाळतो, हवा लागू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 20 मायक्रोग्रॅम, पण ती एकूण अँटिमनीची. त्यातलं किती कुठल्या रूपात आहे, हे तो आकडा सांगत नाही, आणि मला तेच कळायला हवंय.

तुझ्या खाचरात अँटिमनी असायचं काही कारण नाही, घाबरू नकोस. पण भाताचा एक चूड मुळासकट उपटून धुऊन बघ. मुळांवर तांबूस थर दिसेल. चिखलातलं विरघळलेलं लोह मुळातून झिरपणाऱ्या ऑक्सिजनने तिथे गंजतं. माझ्या बाटलीतला गाळ तोच. आमच्या कामात असा थर विष अडवतो की मुळाशी साठवतो, ह्यावरच माझा पुढचा प्रयोग आहे. फोटो काढून पाठव, मुळं ओली असतानाच.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद