वागळे इस्टेटमधल्या पॉलिश मिस्त्री काकांना

आदरणीय मिस्त्री काका,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या हातातही देणार आहे, पण ते चार लोकांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहिते आहे. माझी इलेक्ट्रिक गिटार पाहणारे बहुतेक जण ती कुठल्या दुकानातून घेतली असे विचारतात, आणि ती ठाण्यातच, सुटे भाग जोडून, ६००० रुपयांच्या आत उभी राहिली असे सांगितले की त्यांना एखाद्या गिटार-कारागिराचा पत्ता हवा असतो. असा कारागीर या कामात कोणी नव्हता. होतात ते तुम्ही. कपाटे, दारे आणि देव्हारे यांना पॉलिश करणाऱ्या तुमच्या हातांनी त्याआधी गिटार कधी धरलेली नव्हती. तरीही या वाद्यात जे काही टिकाऊ आहे, ते तुमच्याकडून आलेले आहे. ते नेमके काय, हे नीट नोंदवल्याशिवाय नुसते आभार मानणे मला पटत नाही.

मी तुमच्या गाळ्यात आले तेव्हा माझ्याजवळ एका मोडीत काढलेल्या गिटारची बॉडी होती, दुसऱ्याच गिटारचा मेपल लाकडाचा नेक (तारांखालची लांब मान) होता आणि एका पिशवीत ब्रिज (बॉडीवर तारा अडकवण्याचा भाग), ट्यूनिंगच्या खुंट्या, तीन पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आणि स्क्रू होते. बॉडीचा आकार फेंडर कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरसारखा. कमी पैशांत गिटार जुळवू पाहणाऱ्यांना हा नमुना सोयीचा पडतो, कारण त्याचा नेक बॉडीला चिकटवलेला नसून चार स्क्रूंनी बसवलेला असतो आणि एका गिटारचे भाग दुसरीला लागण्याची बरीच शक्यता असते. बॉडीवर मात्र जाड, काळा, ठिकठिकाणी टवके उडालेला रंग होता. तो काढून त्यावर चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेन पॉलिश) मारून देण्याचे किती घ्याल, एवढेच मला विचारायचे होते.

तुम्ही आकडा सांगितला नाहीत. त्याऐवजी ही वस्तू कशी धरतात, कोणता भाग अंगाला लागतो, हात कुठे घासतो, घाम कुठे मुरतो आणि ती पडली, आपटली तर पुढे काय करायचे, असे एकामागून एक प्रश्न विचारलेत. मी बसून दाखवले. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर टेकतो हे पाहून तुम्ही म्हणालात, "इथला रंग आज ना उद्या जाणार. मग तो तुला परत लावता आला पाहिजे. मी करून दिले तर तू दर वेळी माझ्याकडे येशील." आणि हे काम तू माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या टेबलावर, पण स्वतःच्या हाताने करायचे, असे ठरवून टाकलेत. त्या क्षणी मला तो नकार वाटला होता. आज मला त्याहून मोठा होकार आठवत नाही.

पीयूबद्दल तुम्ही जे सांगितलेत ते गिटार जुळवणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवे. पीयूचा थर कठीण असतो, घामाला आणि पाण्याला दाद देत नाही, आणि तुमच्याच गाळ्यात जेवणाच्या टेबलांना तुम्ही तोच मारता. पण दोन भाग मिसळून फवारण्याच्या पीयूमधल्या हार्डनरचा धूर फुप्फुसांना घातक असतो, त्यामुळे तो कळव्याच्या आमच्या वन रूम किचनच्या गॅलरीत मारण्याची गोष्ट नव्हे. शिवाय त्याचा टवका उडाला तर नवा थर जुन्यात विरघळत नाही, जोड दिसत राहतो. लाखेचे तसे नाही. वाळलेल्या लाखेवर स्पिरिटमधली ताजी लाख लावली की खालचा थर किंचित विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. लाखेचे दोषही तुम्ही लपवले नाहीत: घामाने ती मंदावते, गरम भांड्याने डागते आणि स्पिरिट सांडले तर निघून येते. ज्याला दुरुस्तीला पैसे नाहीत, त्याने दुरुस्त करता येईल असेच पॉलिश निवडावे, हा तुमचा हिशेब मला अजूनही सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. पळस, कुसुम आणि बोर या झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांच्या स्रावापासून लाख मिळते, आणि भारतातील तिचे मोठे उत्पादन झारखंडमध्ये होते. युरोपात गेल्या दोन शतकांत कितीतरी शास्त्रीय गिटारींना याच लाखेचे, बोळ्याने पातळ थर चढवत केलेले फ्रेंच पॉलिश होत आले आहे. इलेक्ट्रिक गिटारींचा मार्ग वेगळा होता. फेंडरने सुरुवातीच्या काळात नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरले, अनेक रंग थेट मोटारींच्या रंगांतून घेतले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरच्या जाड थराकडे मोर्चा वळवला. माझ्या बॉडीवरही तसलाच जाड थर होता, म्हणूनच पेंट रिमूव्हरने तो हलला नाही. मग तुम्ही तुमची हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र) दिलीत, ती एका जागी न थांबवता फिरवत ठेवायची आणि रंग फुगू लागताच पत्रा तिरपा धरून खालून सरकवायचा, हे दाखवलेत, आणि नाकातोंडावर मास्क असल्याशिवाय टेबलाजवळ येऊ दिले नाहीत.

खाली फिकट, हिरवट छटेचे, हलके लाकूड निघाले, तीन तुकडे जोडून केलेले. दुकानदार ज्याला कमअस्सल म्हणेल असे हे लाकूड तुम्ही नखाने दाबून पाहिलेत, जोड तपासलेत आणि जोड सुटत नाहीत म्हणजे लाकूड चांगले, असा निर्वाळा दिलात. त्यानंतरचे काम पॉलिश पेपरचे होते आणि तुमच्या मते खरे पॉलिश तेच. १२० नंबरपासून १८०, २४० आणि ३२० पर्यंत, मधला एकही नंबर न गाळता, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, आणि सपाट भागावर पेपर बोटांनी न धरता लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. ३२० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसायला लावलेत, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात. ते वाळल्यावर हलक्या हाताने पुन्हा घासले की पुढे लाखेखाली खरखर येत नाही. उजेडाकडे तिरपे धरून पाहायची सवय मला तिथेच लागली. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या बॉडीवरचे आडवे ओरखडे तसे धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि लाख लावल्यावर तेच सर्वांत आधी दिसतात.

मग तुम्ही काम थांबवलेत. बाहेर श्रावणातल्या सरी चालू होत्या. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर जमते आणि लाख पांढरट धुरकट होते. म्हणून दसऱ्यानंतर, ऊन पडू लागले की ये, असे सांगून बॉडी तुमच्या गाळ्यात तारेला टांगून ठेवलीत. बाजारात दिवसाला चार वस्तू हातावेगळ्या करणाऱ्या माणसाने एका गिटारीसाठी हवा बदलण्याची वाट पाहावी, याचे मोल मला माहीत आहे.

लाख तुम्ही माझ्याच हाताने कालवून घेतलीत: २०० मिलीलीटर स्पिरिटमध्ये ४० ग्रॅम चपडा लाख, रात्रभर भिजवून, मधूनमधून हलवून, सकाळी मलमलीतून गाळून. बाटलीवर तारीख लिहायला लावलीत, कारण कालवलेली लाख फार महिने ठेवली की ती वाळतच नाही, चिकट राहते. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून पाहायचा. असल्या मऊ लाकडावर रंग थेट लावला तर तो कुठे जास्त, कुठे कमी मुरतो आणि डाग पडतात, म्हणून आधी पातळ लाखेचा एक हात, आणि मग लाखेतच चिमूटभर रामरज (पिवळी माती) आणि त्याहून कमी गेरू. त्यातून आलेला मधासारखा रंग विकतच्या कुठल्याही डब्यात मला दिसलेला नाही.

कापसाचा बोळा मलमलीत घट्ट बांधून तो पृष्ठभागावर कसा टेकवायचा, हे लिहून सांगता येण्यासारखे नाही, तरी जेवढे कळले तेवढे लिहिते. बोळा ओला नसावा, ओलसर असावा. तो कडेकडून चालतच आत यावा आणि चालतच बाहेर जावा, मध्ये क्षणभरही थांबू नये, कारण थांबला की खालची लाख ओढली जाते. आधी लहान गोल, मग आठच्या आकड्यासारखे वळण, शेवटी सरळ हात. बोळा अडखळू लागला तर बोटाच्या टोकाएवढे जवसाचे तेल, आणि अखेरीस ते तेल काढण्यासाठी जवळजवळ कोरड्या बोळ्यावर थोडे स्पिरिट. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून हात बांधून बघत होतात आणि बोळ्याच्या आवाजावरून तो फार ओला आहे की कोरडा, ते सांगत होतात. माझा हात तुम्ही एकदाही बाजूला सारला नाहीत. शिकवणाऱ्याला हे किती अवघड जाते, ते मी घरी शिकवण्या घेत असल्यामुळे मला ठाऊक आहे.

पॉलिशपलीकडेही तुम्ही लक्ष घातलेत. या वाद्यात न चुकवता येणारे माप कोणते, असे विचारलेत, तेव्हा मी नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजवरच्या सॅडलपर्यंतचे (तारांचे दुसरे टेकण) ६४८ मिलीमीटर सांगितले आणि बारावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) त्याच्या बरोबर मध्यावर, ३२४ मिलीमीटरवर असतो हेही. नेक आणि बॉडी वेगवेगळ्या गिटारींची असल्याने ते मापून पाहणे भागच होते. स्टीलची पट्टी तुम्ही धरलीत. मग नटच्या दोन्ही टोकांपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणून नेक सरळ बसतो का ते पाहिलेत. नेकमधली जुनी भोके सैल झाली होती, त्यांत बांबूची काडी फेव्हिकॉल लावून ठोकलीत आणि वाळल्यावर नव्याने बारीक भोके पाडलीत. स्क्रूवर मेणबत्तीचे मेण चोळल्याशिवाय ते मेपलमध्ये फिरवू नकोस, नाहीतर डोके तुटेल, हा इशाराही दिलात.

सॅडल अगदी खाली नेऊनही तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच राहत होत्या. यावर नेक बसतो त्या बॉडीतल्या खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला कागदाची घडी घालण्याची रीत मी वाचली होती. तिने नेक किंचित मागे झुकतो आणि तारा खाली येतात. तुम्हाला ती घडी मान्य झाली नाही, कारण तिच्यामुळे खोबणीत पोकळी राहते. तुमच्या टाकाऊ व्हिनिअरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) एक तुकडा खोबणीच्या आकाराचा कापून, पॉलिश पेपरवर घासत एका टोकाला कागदाहून पातळ आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम अर्धा मिलीमीटर करून तुम्ही तो बसवलात. बाजारात अशी तयार पाचर विकत मिळते. मला ती तुमच्या कचऱ्याच्या टोपलीतून मिळाली, आणि लाकडाला लाकूड पूर्ण टेकले. तुमची मापे सुतात असतात आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरहून थोडा जास्त. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची त्याहून कमी, दोन मिलीमीटरच्या आत हवी म्हटल्यावर तुम्ही चष्मा पुसून पुन्हा लावलात, ते मला अजून दिसते.

विजेचे काम माझे होते आणि ते फार बोलण्यासारखे नाही: मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली २५० किलोओहमची व्हॉल्यूम आणि टोनची पोटेन्शिओमीटर, एक कपॅसिटर, पाच स्थितींचा स्विच, आणि घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कमी व्हावी म्हणून पोकळीत आतून लावलेली तांब्याची चिकटपट्टी. पण स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय सोल्डरिंगची इस्त्री लावू दिली नाहीत, याचीही नोंद इथे असायला हवी.

लाखेने गिटारचा आवाज सुधारतो, असे मी कोणाला सांगत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुख्यतः तारा, पिकअप आणि अॅम्प्लिफायर ठरवतात. लाखेने मला वेगळे काही दिले: या गिटारीवर असा एकही भाग नाही जो मला उघडता, दुरुस्त करता किंवा पुन्हा झळाळीला आणता येणार नाही. माझ्या ओळखीत महागडी गिटार असूनही ती ओरखडेल या भीतीने पिशवीतच ठेवणारे लोक आहेत. मी माझी लोकलने नेते, तलावपाळीला मैत्रिणींबरोबर वाजवते, आणि वरच्या कडेवर, तुम्ही बोट ठेवले होते अगदी तिथेच, ती आता थोडी मंद पडू लागली आहे.

तुम्ही माझ्याकडून लाख, स्पिरिट आणि पेपर यांचेच पैसे घेतलेत. मजुरी विचारली तेव्हा काम तू केलेस, मजुरी कसली, असे म्हणालात. ते मी त्या वेळी ऐकले, पण मानलेले नाही. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात तुमच्या गाळ्यात दारे आणि देव्हारे रांगेने उभे असतात आणि पेपर मारायला हात कमी पडतात, हे मी पाहिले आहे. यंदा त्या दिवसांतल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या तुमच्या टेबलाशी लावणार आहे. १२० पासून ३२० पर्यंत, मधला नंबर न गाळता.

आपली कृतज्ञ,
कळव्याची गिटारवाली मुलगी