रविवारच्या चर्चेबाबत सूचना
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता, नेहमीच्याच जागी, ‘बातमी कोणाच्या बाजूची?’ या विषयावर चर्चा आहे. येताना एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली कात्रणे आणावीत. मथळा कसा दिला, फोटो कोणाचा, कोणाचं म्हणणं गाळलं, हे घरीच पाहून ठेवावं. ‘सगळे विकले गेलेत’ हा मुद्दा धरला जाणार नाही. (मग पेपर घेता कशाला?) ‘केसरी’तून बाहेर पडलेल्या आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि वाद छापून घातला, आपणही नाव आणि पुरावा देऊन बोलावं.

प्रेस कौन्सिलकडे (वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी संस्था) तक्रार करायची असल्यास आधी संपादकांना पत्र लिहावं लागतं. टीव्ही वाहिन्या कौन्सिलच्या कक्षेत येत नाहीत. चहा चर्चेनंतरच.