‘व्हीलचेअर फ्रेंडली’ ऑफ-रोड राइडबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जाहिरातीप्रमाणे सोय नसल्याबद्दल पैसे परत मिळणे व राइडमध्ये तातडीने बदल होणे

महोदय,

आपल्या जाहिरातीत व्हीलचेअरचे चिन्ह आहे आणि ‘व्हीलचेअर वापरणाऱ्यांनाही एटीव्ही स्वतः चालवता येईल’ असे छापले आहे. (एटीव्ही, म्हणजे क्वाड: मोटारसायकलसारखी टांग टाकून बसायची उघडी चारचाकी.) त्यावर विसंबून आमच्या गटाने आगाऊ पैसे भरले. प्रत्यक्षात आपल्या पार्कमध्ये गेटपाशी एक रॅम्प आणि उचलायला चार मुले, एवढीच व्यवस्था आहे. मुले काखेत हात घालून माणसाला उचलतात, क्वाडवर बसवतात आणि सामान बांधायच्या पट्ट्याने कंबर सीटला आवळतात. यातली शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

क्वाड ही अंगाने तोल सांभाळत चालवायची गाडी आहे. चढावर पुढे झुकावे लागते, उतारावर मागे सरकावे लागते, आडव्या उतारावर वरच्या अंगाला वजन टाकावे लागते. मणक्याला छातीच्या पातळीवर इजा झालेल्या माणसाला धड असे हलवता येत नाही, त्यामुळे गाडी उलटण्याची शक्यता वाढते. शिवाय क्वाडला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसाला वाचवणारा मजबूत नळ्यांचा सांगाडा, नसतो. गाडी उलटली तर मोकळा माणूस निदान बाजूला फेकला जाऊ शकतो. बांधलेला माणूस थेट गाडीखाली सापडतो. रोल केज नसेल तिथे पट्टा बांधायचाच नाही, हा साधा नियम आहे. क्वाडवर माणसे बांधणे आजच बंद करा.

पर्याय आपल्याकडेच आहे. दुसऱ्या ट्रॅकवर आपण दोन आसनी बग्ग्या चालवता. त्यांना रोल केज आहे, पाठ टेकायला सीट आहे आणि क्लच नाही. एका बग्गीला हँड कंट्रोल बसवा: एकच दांडा, पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर, सळ्यांनी मूळ पेडलना जोडलेला. दुसरा हात स्टिअरिंगवर राहतो, त्यामुळे पॉवर स्टिअरिंग असलेलीच गाडी निवडा. नाहीतर चाक दगडाला धडकले की स्टिअरिंग झटका देते आणि मनगट दुखावते. दोन खांद्यांवरून व कमरेवरून येणारा चार बिंदूंचा हार्नेस आणि दोन्ही बाजूंना जाळी हवी, म्हणजे स्नायूंना आचके आले तरी हात केजबाहेर जाणार नाही. बकलला दोरीचा फास लावा. बोटांत पकड नसलेल्यालाही तो मनगटाने ओढून सुटता आले पाहिजे.

पायांकडे तर कुणाचेच लक्ष दिसले नाही. संवेदना नसलेले पाऊल उसळून पेडलखाली अडकले की ब्रेक लागत नाही. पेडलपुढे पत्र्याची आड, टाचेसाठी खोबण आणि पोटरीला रुंद पट्टा, एवढ्याने हे टळते. इंजिनाजवळचा पत्रा तापतो. चटका बसला तरी चालवणाऱ्याला कळत नाही, म्हणून तिथे उष्णतारोधक अस्तर लावा. कडक सीटवर बेडसोअर होण्याचा धोका असतो. तरी हवेची उशी जशीच्या तशी ठेवू नका, धक्क्यांनी कंबर तिच्यावर डुलते. पातळ, घट्ट जेलची उशी ठेवा, ती घातल्यावर हेल्मेट आणि केज यांतले अंतर पुन्हा तपासा, आणि राइड १५ ते २० मिनिटांवर नेऊ नका.

गाडीत बसण्यासाठी उचलून घेण्याची गरजच पडू नये. व्हीलचेअरची सीट साधारण ५० सेंमी उंच असते. बग्गीची सीट ७० सेंमीवर असेल, तर २० सेंमी उंचीचा, दीड मीटर लांब-रुंद ओटा बांधा. १:१२ उताराने (दर १ सेंमी उंचीला १२ सेंमी लांबी) त्याचा रॅम्प २.४ मीटर होतो. खुर्ची आणि बग्गी यांमधल्या फटीसाठी ७५ सेंमीची ट्रान्स्फर फळी (जिच्यावरून घसरत एका सीटवरून दुसऱ्या सीटवर जाता येते) ठेवा. उलट, बग्गीच २० सेंमी खोल चरात उभी केली तर रॅम्प लागतच नाही, पण पावसाळ्यात चरातल्या पाण्याला वाट हवी.

पार्किंगपासून ट्रॅकपर्यंत मोकळी खडी पसरली आहे. तीत व्हीलचेअरची पुढची छोटी, फिरती (कॅस्टर) चाके रुततात आणि खुर्ची पुढे कलंडते. मुरूम टाकून रोलर फिरवा. स्वच्छतागृहाचे दार ६० सेंमी आहे, तिथे ९० सेंमी हवे.

बग्गी ट्रॅकच्या टोकाला बंद पडली तर चालवणाऱ्याची खुर्ची सुरुवातीलाच राहिलेली असते. मागून येणाऱ्या गाडीत खुर्ची, अग्निशामक आणि एक प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे. त्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक हवी: सहाव्या छातीच्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असलेल्याला अचानक डोके ठणकणे, चेहऱ्यावर घाम येणे असे झाले तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. त्याला आडवे करू नये. ताठ बसवावे, पट्टे सैल करावेत, कॅथेटरची (लघवीची) नळी दुमडली आहे का ते पाहावे आणि लगेच डॉक्टरला बोलवावे.

सोबत मदतीला येणाऱ्याकडून पूर्ण तिकीट घेणे आम्हाला मान्य नाही. त्याच्याशिवाय आपली राइड आज शक्यच नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधले सुगम्यतेचे बंधन खासगी सेवा देणाऱ्यांनाही आहे, आणि नसलेली सोय जाहिरातीत दाखवणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली दिशाभूल ठरते. आमचे आणि सोबत्यांचे सर्व पैसे परत करावेत, आणि वरील बदल होईपर्यंत जाहिरातीतले चिन्ह काढावे. हँड कंट्रोल आणि ओट्याची मापे घेताना आम्ही मोबदल्याशिवाय येऊन बसून दाखवू. ट्रॅक आमच्यासाठी बंद व्हावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू.

आपले ग्राहक,
व्हीलचेअर वापरणारे व त्यांचे सोबती

सोबत: पावत्यांच्या प्रती, जाहिरातीची प्रत, पट्टा व रस्त्याची छायाचित्रे