बाबांच्या डब्यातली ती गोळी

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "मला काही झालेलं नाही" म्हणत फोन आईकडे देतात, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

परवा व्हिडिओ कॉलवर तू बिस्किटाच्या डब्यातल्या गोळ्या दाखवल्यास ना, त्यात ती पोटाची जुनी गोळी बघून मी हादरलेच, मागे क्लिडिनियम आणि क्लोरडायझेपॉक्साइड लिहिलंय ती. बाबा, 1984 ला अल्सर निघाला तेव्हाची गोळी तुम्ही अजून घेताय? आणि मेडिकलवाला ओळखीचा म्हणून चिठ्ठी न बघताच देतोय!

त्यातलं क्लिडिनियम काय करतं ऐका. पोटात ॲसिड सोड, आतडं आवळ हा निरोप नसा ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून पाठवतात, आणि ही गोळी निरोप पोचतो तिथेच कडी लावते. तेव्हा ठीकच होतं, उपाय कमी होते. पण तोच निरोप लाळ सुटायला, लघवीला, जवळचं दिसायला, मेंदूत आठवणीलासुद्धा लागतो. म्हणजे तोंडाला कोरड, पेपरातली अक्षरं पुसट, चार-चार दिवस पोट साफ नाही, रात्री बाथरूममध्ये नुसतं उभं राहायचं, हे सगळं आपण वयावर ढकलत बसलो, प्रोस्टेट तर आहेच. आणि मध्यरात्री उठून "गाडी किती वाजताची" विचारलंत त्याने आई किती घाबरली होती. आपण महादेवाला धोतरा वाहतो ना, त्यातही असलीच द्रव्यं असतात, धोतरा खाल्लेला माणूस बरळतो ते उगाच नाही.

पण लगेच गोळी फेकू नका हं! दुसरं जे क्लोरडायझेपॉक्साइड आहे ते झोपेच्या गोळीच्या जातीचं, इतकी वर्षं रोज घेतलेलं एकदम तोडलं तर उलट त्रास होतो. डॉक्टरांना सगळा डबा दाखवा, सर्दीच्या आणि गुडघ्याच्या गोळ्यांसकट, सर्दीच्या काही गोळ्यांतही हाच गुण असतो आणि गुडघ्याच्या पेनकिलरने अल्सर होऊ शकतो. मधे लघवी अडलीच किंवा डोळा लाल होऊन दुखला तर मात्र वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

आणि एक गंमत. 1984 लाच ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने जंतूंचं पाणी स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, बऱ्याच अल्सरमागे जंतू असतो हे पटवून द्यायला. 2005 ला त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. ती जंतूची टेस्ट बाबांची कधी झालीच नाहीये, तीही विचारा. आई, तुझ्या तिखटाला इतकी वर्षं बोल लावला सगळ्यांनी, आजी तर जाईपर्यंत म्हणत होती.

शनिवारी येतेय. ठेचा करून ठेव, माझ्यापुरता.

तुमची,
ताई