पहिल्या दिवशी घेऊ नको

अंबाजोगाई,
दिवाळी, २०२५

प्रिय गज्या,

तू पाठवलेला 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक: ओल्डन एरा' या नव्या कॉम्प्युटर गेमचा ट्रेलर पाहिला. एकदा घरच्यांसमोर आवाज बंद करून, मग सगळे झोपल्यावर हेडफोन लावून. तुझा प्रश्न दोन शब्दांचा होता, 'घेऊ का?' उत्तर काही मेसेजमध्ये मावंना, म्हणून वहीची पानं फाडून लिहायलोय. घे, पण पहिल्या दिवशी घेऊ नको. कामून ते पुढं सांगतो. मधेच फोन करून भांडू नको, पत्र संपल्यावर भांड.

आधी घरचं. सप्टेंबरच्या पावसात खालच्या रानातलं सोयाबीन गेलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा नदीकाठच्या गावांचे काय हाल झाले ते तू बातम्यांत बघितलंसच, त्या मानानं आमचं थोडक्यात निभावलं. पंचनामा झालाय, पैसे आले की कळवीन. अण्णा बरे आहेत, तुझी चौकशी करत होते. पोरीनं किल्ला केला आणि त्यावर मावळ्यांच्या शेजारी प्लॅस्टिकचा डायनासोर उभा केला. मी काही बोललो नाही. आपल्या खेळातला ग्रिफिन (अर्धा गरुड, अर्धा सिंह) समजून सोडून दिलं.

आता मुद्दा. तू लिहिलंस, 'हे लोक हीरोजच्या तिसऱ्या भागाकडं परत चाललेत.' गज्या, हे वाक्य आपण दर नव्या भागाच्या वेळी ऐकत आलोय. थ्रीडीओ कंपनी २००३ मध्ये बुडाली आणि युबिसॉफ्टनं 'माइट अँड मॅजिक' हे नाव १३ लाख डॉलरला उचललं. तेव्हापासून दर भागाला नवा कारागीर. पाचवा रशियातल्या निवालनं केला (२००६), सहावा हंगेरीतल्या ब्लॅक होलनं (२०११), सातवा जर्मनीतल्या लिंबिकनं (२०१५). सातव्याच्या वेळी तर कोणती नगरं (म्हणजे खेळायच्या बाजू) पाहिजेत म्हणून खेळणाऱ्यांची मतंसुद्धा घेतली होती. तू मत टाकलंस आणि आठवडाभर आमदार निवडून आणल्यासारखा फिरलास. पुढं खेळ निघाला तेव्हा त्यातल्या चुकांवर जगभर ओरड झाली. म्हणजे लोकांना विचारून खेळ चांगला होतो असंही नाही.

आता नवा खेळ करतोय अनफ्रोजन नावाचा स्टुडिओ. यांचा 'इरेटस' तू खेळलायस, २०२० मधला. नेक्रोमॅन्सर, म्हणजे मढी उठवणारा मांत्रिक, होऊन तळघरात प्रेतं शिवत बसायचं तो. हात बरा आहे त्यांचा. टर्नबेस्ड, म्हणजे पाळीपाळीच्या, लढाईची जाण आहे, विनोदही आहे. पण इरेटसमध्ये चार गडी इकडं, चार तिकडं. अख्ख्या नकाशावर गावं, खाणी, सात-आठ हिरो (फौज घेऊन फिरणारे सेनापती) आणि तेवढेच शत्रू चालवणं हे काम निराळं आहे.

तिसऱ्यातलं नेमकं काय परत यायला पाहिजे, हे आधी आपल्या दोघांत ठरू दे. चित्रं तर नव्हेच. संगीताची मला काळजी नाही, तिसऱ्याचा संगीतकार पॉल रोमेरो परत आलाय, आणि ट्रेलरमधले पहिले सूर ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण तिसरा काही सुरांवर टिकला नाही. मला विचारशील तर त्याची सगळी मजा टंचाईत होती. सोनं, लाकूड, दगड, पारा, गंधक, स्फटिक, रत्नं. सात जिन्नस, आणि ज्या दिवशी जे पाहिजे तेच नेमकं नसायचं. डंजन नावाच्या नगरात ड्रॅगनची गुहा बांधायची तर पंधरा हजार सोनं आणि वर वीस गंधक. सोनं कसंबसं जमायचं, गंधकासाठी मात्र शत्रूच्या दारातली खाण घ्यावी लागायची. बाजारात बदलून घ्यावं तर व्यापारी सोलून काढायचा. जितकी गावं, जितके बाजार आपल्या ताब्यात, तितका भाव जरा बरा. हे ज्यानं सुचवलं असेल त्याला मोंढा कळत होता.

आणि आठवडा! सात दिवस सरले की गावात नवे सैनिक यायचे, एकदम, सगळे. आठवडी बाजाराच्या दिवसावर जसा खेड्यातला सगळा व्यवहार टांगलेला असतो, तसा तो पहिला दिवस. शत्रूवर सहाव्या दिवशी जायचं का दोन दिवस थांबून नवी भरती घेऊन जायचं, एवढ्यावर अख्खा डाव फिरायचा. त्यात प्लेगचा महिना निघाला की विकत घ्यायला ठेवलेली निम्मी फौज गायब. तू तेव्हा स्क्रीनलाच शिव्या द्यायचास.

पुढच्या लोकांनी ही टंचाई म्हणजे गैरसोय समजली आणि एकेक करून काढून टाकली. चौथ्यात (२००२) सैनिक रोज थोडे थोडे यायला लागले, आठवड्याची किंमतच गेली. सहाव्यात सातचे चार जिन्नस केले. वर अशी सोय की कुठल्याही एका गावात उभं राहून सगळ्या गावांची फौज उचलायची. पूर्वी चार हिरोंची साखळी लावून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत फौज आघाडीवर पोचवावी लागायची, तीच तर आपली कलाकुसर होती. धावपळ गेली, मग उरलं काय? बटण दाबणं. पाचवा मला त्यातल्या त्यात आवडतो, विशेषतः २००७ च्या विस्तारानंतरचा (विस्तार म्हणजे खेळाला मागून जोडलेली भर), एका सैनिकाला दोन वेगळ्या बढत्या देणारा. फक्त कॉम्प्युटरची पाळी संपता संपत नाही ही त्याच्याबद्दलची तक्रार जुनीच आहे.

म्हणून माझी शंका दिसण्याबद्दल नाही. नव्या खेळात षटकोनी चौकटी आहेत, नेक्रोपोलिस हे मेलेल्यांचं नगर आहे, डंजन आहे. गोष्ट जादामे खंडावर घडते, पहिल्या भागाच्याही आधी. हे जादामे २००० साली आलेल्या, हीरोजच्या नव्हे तर मूळ 'माइट अँड मॅजिक' मालिकेच्या आठव्या भागातलं, म्हणजे जुनी वही उघडून बसलेली माणसं आहेत हे नक्की. सहा नगरांपैकी एक किड्यांचं आहे, हाइव्ह. तू त्याला नाक मुरडलंस, मला आवडलं. जुन्या भागांतल्या इन्फर्नो नगरात नावाला सैतान, पण त्यातले निम्मे सैनिक कुणी भरती करायचं नाही. किडे आले तर बिघडलं कुठं?

नवीन दोन गोष्टींवर मात्र नजर ठेव. एक, प्रत्येक नगराचे 'कायदे'. खेळता खेळता गुण जमवायचे आणि आपल्या राज्यासाठी नियम निवडत जायचे. चांगलं जमलं तर दोन नेक्रोपोलिस एकसारखी खेळणार नाहीत. नाही जमलं तर दर दोन दिवसांनी एक यादी उघडून दोन टक्के वाढ कुठं टाकायची ते बघत बसायचं, मोबाइलच्या खेळात बसतात तसं. दुसरी, किमयागाराची धूळ नावाचा जादा जिन्नस. आठवा जिन्नस आला म्हणून टंचाई वाढत नसते. प्रत्येक कोपऱ्यावर तो सांडलेला असेल तर उलट आहे ती टंचाई पातळ होईल.

आणखी एक खटकतं. एकाच हिरोचा, अरेना असे झटपट प्रकार त्यांनी ठेवलेत. एक हिरो घ्या, अर्ध्या तासात निकाल लावा. ऑनलाइन स्पर्धा खेळणाऱ्यांना ते पाहिजेच असणार, त्यांचं चुकलं नाही. पण अशा पोरांसाठी तोललेला खेळ आपल्यासारख्या रेंगाळणाऱ्यांना पुरतो का? आपण एकेका पाळीला नकाशाचे चारी कोपरे बघून यायचो. भारनियमनाच्या दिवसांत त्या एमएस-सीआयटी सेंटरवर आपण हाच खेळ कामून खेळायचो, आठव. रेसिंगच्या गेममध्ये लाइट गेली की सगळं गेलं. इथं रोजच्या पाळीला खेळ आपोआप सेव्ह व्हायचा, लाइट आली की त्याच दिवसापासून पुढं. आणि कॉम्प्युटर एक, पोरं चार, तरी हॉटसीटवर सगळ्यांना गाव मिळायचं. एकानं खेळायचं, बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड करायचं. (तू काचेच्या कपाटातल्या प्रतिबिंबात बघायचास, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.) पेंटियम १३३ आणि ३२ एमबी रॅमवर चालणारा खेळ, म्हणून तर त्या डबड्यावर चालला. हॉटसीट नव्यातही आहे म्हणे. ते असेल तर माझा अर्धा राग गेला.

उरलेला अर्धा राग कॉम्प्युटरच्या डोक्यावर अवलंबून आहे. तिसऱ्यातला कॉम्प्युटर हुशार नव्हताच. अवघड पातळी घेतली की आपलं सामान कमी व्हायचं, त्याचं वाढायचं. सगळ्यात वरच्या पातळीला तर आपण रिकाम्या हातानं सुरू. त्याला अक्कल नव्हती, पैसा होता. १९९९ ला ते चाललं, आपणही चालवून घेतलं. आता चालवून घेणार नाही. माझी फौज मोठी दिसली की शत्रूनं मागं सरकावं, माझं लाकूड संपलंय हे ओळखून माझ्या करवतखान्यावर यावं, आणि हे सगळं करताना मला ताटकळत ठेवू नये. ट्रेलरमध्ये यातलं काहीच दाखवता येत नाही. ट्रेलरमध्ये एंजल उडतो.

तू म्हणशील, मग नुसत्या शंकाच काढायच्या का? तसं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये यांनी खेळ जाहीर केला तेव्हा २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत अर्ली ॲक्सेस, म्हणजे खेळ पुरा व्हायच्या आधीच विकत, देतो म्हणाले होते. ते हुकलं, आता २०२६ म्हणायलेत. तू त्यावर तोंड वाकडं केलंस, मला मात्र बरं वाटलं. तारीख पाळायला कच्चा माल बाहेर काढण्यापेक्षा हे परवडलं. 'बाल्डर्स गेट तीन' हा गेम ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३ अर्ली ॲक्सेसमध्ये होता, लोकांनी सांगितलेलं त्यांनी ऐकलं आणि शेवटी काय वस्तू निघाली! आपल्या जातकुळीतला 'साँग्स ऑफ कॉन्क्वेस्ट'सुद्धा २०२२ ते २०२४ असाच शिजला. म्हणजे अर्ली ॲक्सेस वाईट नाही. फक्त ते शिजत असताना आपण पैसे देऊन चुलीजवळ बसायचं की ताट वाढल्यावर यायचं, एवढाच प्रश्न. तुझा पगार पुण्याचा आहे, तू बस.

एक सांगतो ते मात्र मनावर घे. तिसरा इतकी वर्षं जिवंत ठेवला तो खेळणाऱ्यांनी. २०१५ ला एचडी आवृत्ती विकायला काढली, तर त्यात दोन्ही विस्तार नव्हते. इकडं 'हॉर्न ऑफ द अबिस' ही तिसऱ्याची भर करणाऱ्या चाहत्यांनी फुकटात कोव्ह नावाचं आख्खं नगर घातलं, मग फॅक्टरी घातलं, आणि वर्षानुवर्षं एकेका सैनिकाचं वजन तोलत बसले. व्हीसीएमआय नावाच्या चाहत्यांच्या प्रकल्पवाल्यांनी खेळ चालवणारं इंजिन नव्यानं लिहून तो फोनवर आणला. मी परळीच्या एसटीत बसून खेळतो, कंडक्टर विचारतो हे काय आहे म्हणून. नव्या खेळाची खरी स्पर्धा सातव्याशी नाहीच, या फुकट्या, तोलून तोलून सुधारलेल्या तिसऱ्याशी आहे. म्हणून ट्रेलरपेक्षा त्यांच्या नकाशा-संपादकाकडं (आपले आपण नकाशे बनवायच्या साधनाकडं) माझं जास्त लक्ष आहे. तो लोकांच्या हाती नीट, मोकळेपणानं दिला तर पहिल्या वर्षीच्या चुका लोकच भरून काढतील.

तर असं कर. डेमो निघालाय, तो उतरवून ठेव. माझ्या लॅपटॉपचा पंखा यूट्यूबलाच गिरणीसारखा वाजतो, त्यामुळं माझ्याकडून होणार नाही. खेळताना ड्रॅगन-बिगन बघत बसू नको. पहिल्या आठवड्याच्या शेवटी हातात किती लाकूड उरतं ते बघ. ढिगानं उरत असेल तर मला सांगूच नको, मी समजून घेईन. संपून वर गंधकासाठी जीव टांगणीला लागला तर मध्यरात्री फोन केलास तरी चालेल. कॉम्प्युटरला एकदा मुद्दाम उघडं गाव दे आणि तो येतो का बघ. आणि त्याची पाळी किती लांबते ते फोनच्या घड्याळावर मोज, अंदाजानं सांगू नको, तुझा अंदाज मला ठाऊक आहे.

डिसेंबरात लग्नाला येशील तेव्हा लॅपटॉप आण. वरच्या खोलीत बसू, वहिनींना आणि घरी दोन्हीकडं आधीच सांगून ठेवू म्हणजे मधे कुणी उठवणार नाही. खोलीत काचेचं कपाट नाही, बघून घेतलंय. आणि नेक्रोपोलिस या वेळी माझं. इतकी वर्षं सांगाडे जमवून तू आम्हाला छळलंस, आता एंजल घेऊन बघ कसं वाटतं.

तुझा,
दत्त्या