विमान रद्द झाल्याचे कारण प्रवाशाला लेखी मिळावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काश्मीरला जाणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांना परतीच्या विमानप्रवासात जो मनस्ताप सोसावा लागतो, त्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. मात्र त्यांत गर्दीचे आणि गोंधळाचे वर्णन अधिक असते. नियमांतील ज्या फटींमुळे हा सगळा भुर्दंड प्रवाशाच्याच गळ्यात पडतो, त्यांची चर्चा क्वचितच होते. श्रीनगर–दिल्ली–पुणे या परतीच्या प्रवासात आमच्या कुटुंबाला आलेला अनुभव सांगून त्या फटींकडे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र. विमान कंपनीचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही, कारण इतर कंपन्यांच्या प्रवाशांकडून ऐकलेल्या हकिकती याहून फारशा निराळ्या नाहीत.

श्रीनगर विमानतळावरील सुरक्षाव्यवस्था इतर ठिकाणांहून कडक आहे. बाहेरच्या नाक्यावरच सर्वांना गाडीतून उतरवून सामान यंत्रातून काढले जाते आणि पुढे इमारतीत पुन्हा तपासणी होते, त्यामुळे प्रवासी बऱ्याच आधी पोहोचतात. आम्हीही भल्या सकाळी निघालो. सोबत सत्तरी ओलांडलेली, मधुमेह असलेली आई आणि दोन शाळकरी मुले होती. नाक्यावर बॅगा उतरवत असताना सहलीच्या एजंटाचा चालकाला फोन आला, की विमान सकाळऐवजी दुपारी चारला सुटणार असून दिल्लीहून पुण्याचे विमानही बदलून रात्री पावणेनऊचे झाले आहे. कंपनीचा संदेश आदल्या रात्रीच आला होता, पण तो एजंटाच्या मोबाईलवर. गटाने काढलेल्या तिकिटांवर एजंटाचाच क्रमांक टाकण्याची पद्धत सर्रास आहे. शिवाय बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तेथे पोस्टपेडच लागते. त्यामुळे तिकिटावर आमचा क्रमांक असता, तरी प्रीपेडवाल्या प्रवाशाला संदेश मिळालाच नसता. कंपनीच्या दफ्तरी मात्र ‘प्रवाशाला वेळेत कळवले’ अशी नोंद झाली. प्रवाशाने संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर विमान रद्द झाल्याची भरपाई देणे कंपनीवर बंधनकारक नाही, असे नियम सांगतो, म्हणून ही नोंद वाटते तितकी किरकोळ नाही.

दिल्लीत रात्री जे घडले, ते याहून गंभीर होते. पावणेनऊचे विमान प्रथम पावणेदहाला सुटेल असे फलकावर दिसले, मग अकराला, मग साडेबाराला, मग दोनला. दर वेळी रांगेत उभे राहावे, तर काउंटरवरच्या मुलीने ‘सर, फलक बघत राहा’ एवढेच सांगावे. कारणही बदलत गेले. आधी ‘येणारे विमान उशिरा आले’, मग ‘हवामान’, आणि शेवटी मोबाईलवरच्या संदेशात ‘ऑपरेशनल कारणांमुळे’. हवामानाची सबब चालू असतानाच दुसऱ्या एका कंपनीचे पुण्याचे विमान शेजारच्या गेटवरून सुटले. एका विमानाला हवामान आडवे येते आणि दुसऱ्याला येत नाही, असे होऊ शकते हे मला मान्य आहे. पण मग तसे कागदावर लिहून द्यायला अडचण काय होती? सव्वादोनच्या सुमारास विमान रद्द झाल्याची घोषणा झाली. वैमानिकांच्या ड्युटीचे तास संपले, असे गेटवरील एक कर्मचारी हळू आवाजात सांगून गेला.

खाण्याचे म्हणाल, तर अकराच्या सुमारास कपात मिळणाऱ्या कोरड्या पोह्यांची पाकिटे वाटली गेली, पण गरम पाण्याचे थर्मास पहिल्या तीस-चाळीस जणांतच रिकामे झाले. मागच्यांनी पोहे गार पाण्यात भिजवले आणि मुलांनी ते तसेच टाकले. आईला दिलेली व्हीलचेअर ढकलणारा माणूस पाळी संपली म्हणून निघून गेला होता. ती त्याच खुर्चीत ताठ बसून राहिली आणि पहाटेपर्यंत तिची दोन्ही पावले सुजून चपला घालता येईनात. सकाळच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत होत्या. बॅग काढून द्या म्हटले, तर ‘सामान आता सकाळीच मिळेल’ असे उत्तर मिळाले. हॉटेलची मागणी केली तेव्हा अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले, की उशीर सहा तासांचा झालेलाच नाही.

या उत्तरातच सगळी गोम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१० मध्ये प्रवासी सुविधांची नियमावली काढली आणि पुढे वेळोवेळी तिच्यात सुधारणा केल्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला, तर खाणेपिणे द्यावे लागते. उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर ते २४ तास आधी कळवून दुसऱ्या विमानाचा किंवा पूर्ण परताव्याचा पर्याय द्यावा लागतो. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेलची सोय कंपनीने करायची असते. कागदावर हे सारे ठीक दिसते. पण उशीर तासा-दीड तासाच्या तुकड्यांनी वाढवत नेला आणि सहा तास भरण्याआधी विमान रद्द केले, की सहा तासांच्या उशिराशी जोडलेल्या जबाबदारीतून कंपनी अलगद सुटते. आमच्या बाबतीत हे मुद्दाम झाले, असा आरोप मी करणार नाही. परंतु ज्या नियमातून अशी पळवाट निघते, त्यात उशिराची मोजणी मूळ वेळेपासून प्रवासी प्रत्यक्ष निघेपर्यंत व्हावी, मग मधल्या काळात त्याला ‘उशीर’ म्हणा वा ‘रद्द’, एवढी दुरुस्ती तरी नक्कीच व्हायला हवी.

भरपाईचे गणित तर पूर्णपणे कारणावर अवलंबून आहे. पूर्वसूचना न देता विमान रद्द झाल्यास दोन तासांहून लांबच्या उड्डाणासाठी दहा हजार रुपये किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. मात्र कारण कंपनीच्या आवाक्याबाहेरचे, म्हणजे हवामान, संप, दंगल, सुरक्षेचा धोका, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण असे असेल, तर एक पैसाही द्यावा लागत नाही. आता वैमानिकांचे तास संपणे हे या यादीत बसते काय? माझ्या मते मुळीच नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे सुधारित नियम डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते आणि ते २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यानुसार मनुष्यबळ न जुळवल्याने डिसेंबर २०२५ मध्ये देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. विश्रांतीचा नियम योग्यच आहे. थकलेल्या वैमानिकाने विमान उडवावे असे कोणताही प्रवासी म्हणणार नाही. पण त्याची तजवीज करणे हे कंपनीचे काम आहे. ‘ऑपरेशनल’ या एका शब्दाखाली मात्र हवामानही खपते आणि ढिसाळ नियोजनही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने आम्ही पुण्यास पोहोचलो, तेव्हा तीनपैकी एक बॅग आलीच नव्हती. ती पुढे घरपोच आली खरी, पण एक चाक मोडलेल्या अवस्थेत. सामान न आल्याची नोंद पट्ट्याजवळच्या काउंटरवर, बाहेर पडण्याआधीच करून तिची प्रत घ्यावी, एवढे येथे आवर्जून सांगतो. लोहगावला रात्रभर ताटकळलेल्या साताऱ्याच्या गाडीचे ‘वेटिंग’ आमच्या खिशातून गेले. असला खर्च कोणत्याही नियमात धरलेला नाही.

केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार केली. कंपनीने ‘ऑपरेशनल कारण’ असे एका ओळीचे उत्तर दिले आणि तक्रार निकाली निघाली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, ही मोठीच सोय आहे. पण तेथे पुरावा काय मांडायचा? फलकावरच्या वेळा पुसल्या जातात, आणि गेटवरचा कर्मचारी साक्षीला येत नाही. युरोपीय संघात २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार दोन तास उशीर झाल्यावर प्रवाशाच्या हातात त्याच्या हक्कांचे लेखी पत्रक द्यावे लागते आणि कारण अपवादात्मक होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. आपल्याकडे इतके तरी व्हावे, की बोर्डिंग पास ज्या यंत्रातून छापून निघतो त्याच यंत्रातून विमानाचा क्रमांक, मूळ वेळ, प्रत्येक बदललेली वेळ आणि नेमके कारण नमूद केलेली चिठ्ठी मागेल त्या प्रवाशाला तेथल्या तेथे मिळावी, आणि एजंटाने काढलेल्या तिकिटावरही एका तरी प्रवाशाचा स्वतःचा क्रमांक सक्तीचा असावा.

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे सुरू होण्यापूर्वी डीजीसीएने या दोन गोष्टींचे परिपत्रक काढावे, आणि महाराष्ट्रातील खासदारांनी त्यासाठी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे पाठपुरावा करावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, सातारा